कॅलिफोर्नियाचा एसबी ८५५ कायदा आणि पंधरा वर्षांच्या एका मुलीचा दावा

फ्रीमाँटमधलं एक मराठी कुटुंब धरू. आई-वडील दोघंही नोकरी करतात आणि मुलगी पंधरा वर्षांची, दहावीच्या वर्गात आहे. कुटुंब कल्पित आहे. त्यांच्या हातात पडणारी पत्रं, लागू होणारी कलमं आणि मुदती मात्र कॅलिफोर्नियात आज हजारो घरांना सोसाव्या लागतात तशाच खऱ्या आहेत.

गाडीच्या अपघातानंतर मुलगी बदलली. झोप उडाली, गाडीत बसायचं म्हटलं की छाती धडधडायला लागते, शाळा बुडू लागली, आणि दोनदा तिने स्वतःला इजा करून घेतली. निदान झालं पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, आणि जोडीला चिंताविकार. दहा आठवडे दर आठवड्याला तासभर थेरपी झाली, फरक पडला नाही. थेरपिस्टने आयओपी सुचवलं. यात मूल रात्री घरीच झोपतं, पण आठवड्यातून तीन-चार दिवस, दर दिवशी साधारण तीन तास गटात आणि एकेकट्याने उपचार घेतं. विमा कंपनीने दोन आठवडे मंजूर केले. तिसऱ्या आठवड्याच्या आदल्या दिवशी क्लिनिकला निरोप आला: ‘तीव्र लक्षणं ओसरली आहेत, तत्काळ धोका दिसत नाही, यापुढे साप्ताहिक थेरपी पुरेशी आहे.’

हे एकच वाक्य या प्रकरणाचा गाभा आहे. २०२० पर्यंत या वाक्याला फारसं उत्तर नव्हतं. आता एसबी ८५५ मुळे (राज्याच्या सिनेटचं बिल क्रमांक ८५५, जे पुढे कायदा झालं) ते आहे, पण ते कागदावर, ठरल्या मुदतीत आणि योग्य दारात नेऊन द्यावं लागतं.

आधी काय होतं

कॅलिफोर्नियाचा मानसिक आरोग्य समानता कायदा १९९९ चा. त्याने विमा कंपन्यांना नऊ गंभीर मानसिक आजारांचा खर्च शारीरिक आजारांसारखाच द्यायला लावला: स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह विकार, बायपोलर, तीव्र नैराश्य, पॅनिक, ओसीडी, ऑटिझम व त्या गटातले विकासविकार, अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमिया. या नावांत पीटीएसडी नाही, सर्वसाधारण चिंताविकार नाही, व्यसनाचा तर प्रश्नच नाही.

मुलांसाठी एक वेगळी खिडकी होती, ‘मुलातील गंभीर भावनिक विकार’ नावाची. आजाराचं नाव कोणतंही चाले, पण अटी पाहा. स्वतःची काळजी, शाळा, घरातली नाती, समाजात वावर, यांपैकी किमान दोन गोष्टी चांगल्याच ढासळलेल्या हव्यात. त्यातही मूल घरातून हलवावं लागण्याच्या बेतात हवं, किंवा आजार सहा महिन्यांहून जुना हवा, किंवा उपचारांविना वर्षाच्या वर टिकेल असा हवा. नाहीतर मग मनोविकृतीची लक्षणं, आत्महत्येचा किंवा हिंसेचा धोका तरी हवा. थोडक्यात, मूल खोल पडल्यावरच दार उघडायचं. पंधराव्या वर्षी ज्या मुलीचं आयुष्य तीन महिन्यांच्या नीट उपचारांनी मार्गी लागू शकतं, तिला सहा महिने बिघडू द्यायचं, हा त्या रचनेचा सगळ्यात क्रूर भाग होता.

दुसरी अडचण आजारांच्या यादीबाहेरची होती. आजार यादीत असला तरी ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ म्हणजे काय, हे विमा कंपनी स्वतःच्या नियमावलीने ठरवायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात विट विरुद्ध युनायटेड बिहेवियरल हेल्थ हा खटला चालला, त्यात हे उघड्यावर आलं. न्यायाधीश जोसेफ स्पेरो यांनी २०१९ मध्ये निकाल दिला की कंपनीची नियमावली तीव्र लक्षणं आटोक्यात आणण्यावर भर देते, मूळ आजारावरच्या उपचाराकडे दुर्लक्ष करते, आणि मुला-किशोरांच्या वेगळ्या गरजांचा विचार करत नाही. पुढे नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निकाल बराचसा फिरवला. पण तोपर्यंत कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्यातला वैद्यकीय भाग उचलून कायद्यात घातला होता. म्हणून अपिलात काय झालं याचा राज्याच्या कायद्यावर परिणाम होत नाही. ‘तो खटला तर उलटला ना’ असं कुणी सांगितलं, तर हे उत्तर जवळ ठेवावं.

एसबी ८५५ ने नेमकं काय हलवलं

सिनेटर स्कॉट वीनर यांनी मांडलेल्या या बिलामागे केनेडी फोरम आणि स्टाइनबर्ग इन्स्टिट्यूट या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्था उभ्या होत्या. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सप्टेंबर २०२० मध्ये सही केली आणि १ जानेवारी २०२१ पासून कायदा लागू झाला. आरोग्य व सुरक्षा संहितेचं कलम १३७४.७२ बदललं आणि १३७४.७२१ नवं आलं. विमा संहितेत त्यांचीच जुळी कलमं आहेत. विमा कंपनीला पत्र लिहिताना हे दोन आकडे पत्रात असावेत. ते दिसले की फाइल वरच्या टेबलावर जाते.

नऊ आजारांची यादी गेली. डीएसएम किंवा आयसीडी या निदानाच्या प्रमाण याद्यांतल्या मानसिक विकारांच्या प्रकरणात असलेला प्रत्येक आजार आता आत आहे, व्यसनासकट. आपल्या उदाहरणातल्या मुलीला खिडकीतून शिरायची गरज उरली नाही.

पण खरा बदल यादीत नाही, मोजपट्टीत आहे. उपचाराची पातळी ठरवताना विमा कंपनीने स्वतःची किंवा बाजारातून विकत घेतलेली नियमावली वापरायची नाही. त्या त्या वैद्यकीय शाखेच्या ना-नफा व्यावसायिक संघटनेने तयार केलेली, सगळ्यात ताजी साधनंच वापरायची. सहा ते अठरा वयासाठी ते साधन आहे कॅलोकस-कॅसी, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ईसीएसआयआय, मोठ्यांसाठी लोकस, आणि व्यसनासाठी एएसएएम या अमेरिकेतल्या व्यसन-वैद्यक संघटनेचे निकष. जे तपासनीस ती वापरतात त्यांना त्याच संघटनांकडून शिक्षण द्यायचं. दोन तपासनीसांनी एकच केस तपासली तर गुण जुळले पाहिजेत आणि ही चाचणी किमान ९० टक्के उत्तीर्ण व्हायला हवी. ‘अंतिम निर्णय आमच्या मर्जीवर’ अशा अर्थाची जी वाक्यं करारात लिहिलेली असत, तीही निरर्थक ठरवली.

आणखी दोन तरतुदी मुलांच्या प्रकरणात वारंवार लागतात. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारावरचा उपचार फक्त अल्पकालीन किंवा तीव्र टप्प्यापुरता बांधून ठेवता येत नाही. आणि ‘ही सेवा शाळेने विशेष शिक्षणातून द्यावी’ किंवा ‘मेडिकेडने (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याने) द्यावी’ असं म्हणून अंग काढून घेता येत नाही. मुलाचा आयईपी, म्हणजे शाळेतला विशेष शिक्षणाचा आराखडा, चालू असेल तर हे दुसरं वाक्य पाठच असावं.

पहिलं कुलूप: कार्ड

आपल्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि ती कायदा वाईट असल्यामुळे होत नाही. तो सगळ्यांना लागू नाही, म्हणून होते.

अमेरिकेत मोठ्या कंपन्या बहुधा स्वतःच कर्मचाऱ्यांच्या उपचारांचे पैसे भरतात. विमा कंपनी फक्त कारभार पाहते. कार्डावर नाव आणि बोधचिन्ह विमा कंपनीचंच असतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं आपला विमा त्यांचा. अशा ‘सेल्फ-फंडेड’ योजनेवर एरिसा या १९७४ च्या संघीय कायद्यामुळे राज्याचा विमा कायदा चालत नाही. बे एरियात मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची योजना याच जातीची असते. त्यांना एसबी ८५५ दाखवून उपयोग नाही. त्यांचं हत्यार म्हणजे वेलस्टोन-डोमेनिची यांच्या नावाचा २००८ चा संघीय समानता कायदा, तक्रार संघीय श्रम खात्याकडे, आणि कंपनीअंतर्गत अपील संपल्यावर चार महिन्यांच्या आत बाह्य पुनरावलोकनाची मागणी.

म्हणून पहिलं काम उपचाराचं नाही, एका ईमेलचं. कंपनीच्या एचआरला एकच प्रश्न लेखी विचारायचा: आपली योजना सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड (म्हणजे उपचारांचे पैसे विमा कंपनीच भरते ती), आणि फुली इन्शुअर्ड असेल तर ती कोणत्या राज्यात दिलेली आहे? उत्तर तोंडी घेऊ नका. एचआरमध्ये हा फरक सगळ्यांनाच माहीत असतो असं नाही. नोकरी सॅन होजेत आणि करार न्यू जर्सीत झालेला असेल, तर कायदा सहसा न्यू जर्सीचा.

फुली इन्शुअर्ड आणि कॅलिफोर्नियाची असली, तरी दोन दारं आहेत. सगळे एचएमओ (ठरावीक डॉक्टरांपुरत्या योजना) आणि बऱ्याच पीपीओ योजना (बाहेरचे डॉक्टरही चालतात अशा) मॅनेज्ड हेल्थ केअर खात्याकडे, म्हणजे डीएमएचसीकडे. उरलेल्या राज्याच्या विमा खात्याकडे. चुकीच्या दारात अर्ज गेला तर तो पुढे पाठवतात, पण मध्ये दिवस जातात. मेडी-कॅलवर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मेडिकेडवर, असलेल्या मुलांसाठी वाट वेगळी आहे: एकवीस वर्षांखालच्यांना ईपीएसडीटी या संघीय हमीखाली आवश्यक ते उपचार मिळतात, आणि तिथे एसबी ८५५ चा आधार घेण्याची गरज पडत नाही.

आपल्या उदाहरणात वडिलांची कंपनी मध्यम आकाराची, योजना फुली इन्शुअर्ड, डीएमएचसीच्या अखत्यारीतली. पहिलं कुलूप उघडलं.

गुणपत्रक

नकाराचं पत्र आलं की त्यात पहिल्यांदा एकच गोष्ट शोधायची: कोणत्या निकषावर नाकारलं? ‘आमच्या वैद्यकीय धोरणानुसार’ एवढंच लिहिलं असेल तर तो दोष आहे. निकषाची प्रत आणि तपासनीसाने भरलेलं गुणपत्रक, दोन्ही लेखी मागायची. ती मागण्याचा हक्क आहे.

कॅलोकस-कॅसीचं गुणपत्रक कसं दिसतं ते एकदा नीट पाहिलं की अर्धी भीती जाते. सहा अंगं मोजतात: इजेचा धोका, रोजचं कामकाज, जोडीचे आजार, भोवतालची परिस्थिती, तग धरण्याची ताकद व आधीच्या उपचारांना मिळालेला प्रतिसाद, आणि उपचारातला सहभाग. परिस्थितीचे दोन गुण असतात, ताण आणि आधार. सहभागाचेही दोन, मुलाचा आणि पालकांचा, पण बेरजेत त्यातला मोठाच घेतात. प्रत्येकाला एक ते पाच, पाच म्हणजे सगळ्यात बिकट. बेरीज किमान सात आणि जास्तीत जास्त पस्तीस. १४ ते १६ म्हणजे साधी बाह्यरुग्ण थेरपी, १७ ते १९ म्हणजे आयओपीसारखी सघन बाह्यरुग्ण सेवा, २० ते २२ म्हणजे त्याहून सघन आणि एकत्र गुंफलेल्या सेवा, त्यापुढे चोवीस तासांच्या पातळ्या.

क्लिनिकने मुलीचे गुण असे दिले: धोका ३, कामकाज ३, जोडीचा आजार २, ताण ३, आधार २, प्रतिसाद ३, सहभाग मुलीचा ३ आणि पालकांचा २, म्हणून ३. बेरीज १९, म्हणजे आयओपी.

विमा कंपनीच्या तपासनीसाने सरसकट २ दिले. बेरीज १४. साप्ताहिक थेरपी.

दोन्ही बाजूंनी तेच साधन वापरलं. मग पाच गुण कुठे गेले? प्रकरण इथेच जिंकलं किंवा हरलं जातं, म्हणून एकेक ओळ पाहू.

धोक्यात २ दिले, कारण फोनवर ‘आज आत्महत्येचा विचार नाही’ असं कळलं. पण या ओळीत फक्त आजचा दिवस मोजायचा नसतो. अलीकडे घडलेली इजा, ती पुन्हा घडण्याची शक्यता आणि ताणात मूल कसं वागतं हेही बघायचं असतं. साधनाची रीत अशी की एखाद्या गुणाचा एक जरी निकष पुरा होत असेल तर तो गुण द्यायचा, आणि असे दोन गुण बसत असतील तर मोठा घ्यायचा. कामकाजात २ दिले, कारण ‘मुलगी आता शाळेत जाते’. जाते, पण अर्ध्या वेळापत्रकावर, आणि आयओपी चालू आहे म्हणून जाते. आधाराची काठी काढल्यावर चालता येईल का, हा खरा प्रश्न. प्रतिसादात २ दिले, दहा आठवड्यांची साप्ताहिक थेरपी निष्फळ ठरली त्याची नोंदच घेतली नाही; जो उपचार फसला तोच पुन्हा सुचवला. ताणात २ दिले. अपघाताचा रस्ता रोज शाळेत जाताना लागतो, हे क्लिनिकच्या टिपणात होतं आणि तपासनीसाकडे ते टिपण पोहोचलंच नव्हतं. सहभागात पालकांचा २ घेतला, मुलीचा ३ सोडला. ही तर निव्वळ बेरजेची चूक.

हे सगळं एका पानात बसतं. क्लिनिकच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या पत्रात ‘मुलीला उपचारांची नितांत गरज आहे’ अशा वाक्यांनी काही हलत नाही. सात ओळी, प्रत्येक ओळीपुढे त्यांचा गुण, आपला गुण, आणि टिपणातली तारीख. तपासणाऱ्याला याच भाषेत उत्तर द्यावं लागतं.

इथे क्लिनिककडूनही चुका होतात, आणि त्या महागात पडतात. ‘रुग्णाची प्रगती उत्तम’ असं रोजच्या टिपणात सवयीने लिहिलं जातं. हेच वाक्य नकाराच्या पत्रात परत येतं. प्रगती झाली असेल तर लिहावीच, पण कोणत्या आधारावर टिकून आहे आणि काय अजून ढासळतं, हे त्याच ओळीत हवं. पालकांनीही घरी साधी वही ठेवावी: झोप किती, शाळेचे तास किती, कोणत्या दिवशी काय बिघडलं. तीन आठवड्यांची अशी वही कुठल्याही भावनिक पत्रापेक्षा जड असते.

आणखी एक तरतूद क्वचितच कुणी वापरतं. उपचार चालू असताना विमा कंपनीने पुढची मंजुरी नाकारली, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना निर्णय कळवून त्यांच्याशी पुढच्या काळजीचा आराखडा ठरेपर्यंत उपचार तोडता येत नाहीत. आरोग्य व सुरक्षा संहितेच्या कलम १३६७.०१ मध्ये हे आहे. म्हणजे आदल्या संध्याकाळी फॅक्स आणि सकाळी दार बंद, हे चालत नाही. क्लिनिकने त्याच दिवशी लिहून कळवावं की आराखड्यावर सहमती झालेली नाही.

तक्रार ते आयएमआर

क्रम असा. त्याच दिवशी डॉक्टर-डॉक्टर फोन, म्हणजे विमा कंपनीच्या वैद्यकीय तपासनीसाशी क्लिनिकच्या डॉक्टरांचं थेट बोलणं. त्यातून सुटलं नाही तर विमा कंपनीकडे तक्रार. तातडीची असेल तर ७२ तासांत उत्तर, एरवी ३० दिवसांत. ‘तातडीची’ हा शब्द आपण वापरून भागत नाही, उपचार थांबले तर मुलीची प्रकृती गंभीरपणे बिघडू शकते असं डॉक्टरांनी लिहावं लागतं.

त्यानंतर स्वतंत्र वैद्यकीय पुनरावलोकन, आयएमआर. अर्ज डीएमएचसीच्या मदत केंद्राकडे, फोन १-८८८-४६६-२२१९. शुल्क नाही. तक्रारीचा निकाल लागल्यापासून सहा महिन्यांची मुदत. विमा कंपनीशी संबंध नसलेले डॉक्टर फाइल वाचतात. साध्या प्रकरणात साधारण ४५ दिवसांत आणि तातडीच्या प्रकरणात सात दिवसांत निर्णय. तो विमा कंपनीवर बंधनकारक असतो. प्रकरण तातडीचं असेल तर तक्रारीचे ३० दिवस संपायची वाट बघत बसायची गरज नाही.

आयएमआरच्या अर्जाला काय जोडायचं? नकाराचं पत्र, दोन्ही गुणपत्रकं, सात ओळींचं पान, आधीच्या दहा आठवड्यांची टिपणं, शाळेची हजेरी, घरची वही. ऐंशी पानांचा गठ्ठा पाठवू नका. वर एका पानाची तारीखवार यादी ठेवा.

खरी हळहळ या गोष्टीची आहे की ही पायरी फार थोडे लोक चढतात. नकार आला की बहुतेक घरं खिशातून भरतात किंवा उपचार सोडतात. आजारी मुलासोबत रात्र काढलेल्या आईकडून सकाळी कलमं वाचण्याची अपेक्षा करणं हाच एक अन्याय आहे. तरुणांच्या मानसिक आरोग्याचे नकार आपोआप आयएमआरकडे पाठवावेत, अर्ज करावाच लागू नये, अशी तरतूद असलेलं बिल २०२३ मध्ये वीनर यांनीच मांडलं होतं. ते कायदा झालं नाही. एसबी ८५५ चं उरलेलं अर्धं काम तेच आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मंजुरी आहे, थेरपिस्ट नाही

आयओपी संपल्यावर साप्ताहिक थेरपी लागते, आणि इथे वेगळंच संकट येतं. विमा कंपनीच्या यादीत चाळीस नावं. फोन लावले की कुणी नवे रुग्ण घेत नाही, कुणी मुलांना बघत नाही, कुणी गाव सोडलेलं, कुणाचा नंबरच बंद.

कायदा काय म्हणतो? डॉक्टर नसलेल्या थेरपिस्टची साधी भेट १० कामकाजी दिवसांत, मानसोपचारतज्ज्ञाची १५ कामकाजी दिवसांत, तातडीची ४८ तासांत, आणि आधी मंजुरी लागत असेल तर ९६ तासांत. आधी हे सारं पहिल्या भेटीला लागू होतं, म्हणून पहिली भेट वेळेत आणि दुसरी दीड महिन्याने असं चालायचं. २०२१ च्या एसबी २२१ ने ती पळवाट बुजवली. जुलै २०२२ पासून पुढची भेटही १० कामकाजी दिवसांत द्यावी लागते, थेरपिस्टनेच जास्त अंतर चालेल असं नोंदवलं असेल तर वेगळं.

नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांत, वेळेत कुणी मिळत नसेल तर विमा कंपनीने बाहेरचा थेरपिस्ट मिळवून द्यायचा आणि कुटुंबाने नेटवर्कमधल्याइतकाच कोपे, म्हणजे दर भेटीचा स्वतःचा वाटा, भरायचा. एप्रिल २०२४ पासून डीएमएचसीचे नियम लागू आहेत. त्यांनुसार कंपनीने व्यवस्था केली नाही तर कुटुंब स्वतः परवानाधारक थेरपिस्ट शोधू शकतं. पहिली भेट मूळ मागणीपासून ९० दिवसांच्या आत झाली पाहिजे.

म्हणजे ‘मूळ मागणी’ची तारीख हा सगळ्याचा पाया. आणि नेमकं इथेच घरचे चुकतात. ओळखीतून चांगला थेरपिस्ट मिळतो, घाईत रोख पैसे भरून उपचार सुरू होतात, तीन महिन्यांनी बिलं पाठवली जातात. विमा कंपनी म्हणते, तुम्ही स्वखुशीने बाहेर गेलात. उलट क्रम ठेवा. पहिल्याच दिवशी कंपनीच्या पोर्टलवर लेखी मागणी. मग फोनची वही: तारीख, वेळ, कुणाला, काय उत्तर. आठ-दहा फोन झाले की ती वही मागणीला जोडून बाहेरच्या थेरपिस्टसाठी लेखी मंजुरी मागा. थेरपिस्टशी त्या एका रुग्णापुरता करार होतो, त्यात दर, सत्रांची संख्या आणि तारखा असतात. तो हातात आल्यावरच पहिलं सत्र.

या कमतरतेचं मूळ कायद्यात नाही, मनुष्यबळात आहे. कायझर पर्मनेंटे या विमा आणि उपचार दोन्ही देणाऱ्या मोठ्या संस्थेच्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या दोन हजारांवर मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी २०२२ मध्ये दहा आठवडे संप केला, तो रुग्णांना पुढची तारीखच देता येत नाही या कारणावरूनही. पुढच्या वर्षी डीएमएचसीशी झालेल्या तडजोडीत कायझरने ५ कोटी डॉलर दंड आणि सेवा सुधारायला पाच वर्षांत १५ कोटी डॉलर खर्च मान्य केला. दंडाने दबाव येतो. पण विम्याचे दर थेरपिस्टला परवडत नाहीत तोवर तो नेटवर्कबाहेर रोखीनेच काम करणार.

शाळेतून येणारी वाट

राज्याने म्हणून दुसरी वाटही काढली आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या बाल-युवा वर्तन आरोग्य उपक्रमात एक दरपत्रक आहे. शाळेतल्या किंवा शाळेशी जोडलेल्या समुपदेशकाने २५ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्याला सेवा दिली तर मेडी-कॅल असो वा खासगी विमा, ठरलेल्या दराने पैसे द्यायचे. समुपदेशक नेटवर्कमध्ये आहे का हे विचारायचं नाही, कोपे घ्यायचा नाही. जानेवारी २०२४ पासून पहिल्या ४७ शिक्षण संस्थांपासून याची सुरुवात झाली.

आपल्या मुलीसाठी याचा उपयोग मर्यादित पण खरा आहे: आयओपीनंतर शाळेतच आठवड्याचं एक सत्र, गाडीत बसायची गरज नाही. अडतं ते पुन्हा कार्डाशी. शाळेकडे मुलांच्या विम्याची माहिती नसते, पालक फॉर्म परत पाठवत नाहीत, आणि सेल्फ-फंडेड योजनांवर हे दरपत्रकही बंधनकारक नाही. शाळेचा तो फॉर्म कंटाळवाणा असला तरी भरून द्यावा.

मुलीची गोष्ट मुलीकडे

कॅलिफोर्नियात बारा किंवा त्याहून जास्त वर्षांचं, पुरेशी समज असलेलं मूल बाह्यरुग्ण समुपदेशनाला स्वतः संमती देऊ शकतं. थेरपिस्टने पालकांना सामील करून घ्यायचंच असतं, मात्र ते योग्य नाही असं मुलाशी बोलून वाटलं तर कारण नोंदवून त्यांना बाजूला ठेवता येतं. २०२३ च्या एबी ६६५ या कायद्याने मेडी-कॅलवरच्या मुलांनाही जुलै २०२४ पासून हाच नियम लावला. आणि जुलै २०२२ पासून, ज्या सेवेला मूल स्वतः संमती देऊ शकतं तिची पत्रं विमा कंपनीने खातेदार बापाकडे न पाठवता मुलाकडेच पाठवायची असतात.

आपल्या घरांत हे पचायला जड जातं. ‘आमच्यापासून काय लपवायचं?’ हा प्रश्न प्रेमातूनच येतो. पण पत्र आधी बापाच्या हाती पडेल या भीतीने मुलगी धोक्याच्या ओळीतलं खरं सांगत नाही, मग गुण कमी पडतात, आणि पातळी घसरते. विमा कंपनीकडून दुभाषा मोफत मिळतो. आजी घरात असेल आणि तिला इंग्रजी येत नसेल, तर मराठी दुभाषा मागा. मुलीला स्वतःच्याच आजाराचं भाषांतर करायला लावू नका.

इकडे भारतात वाचणाऱ्यांसाठी एक तुलना. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २१ ने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं आहे. तत्त्व तेच. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या आहेत, त्यामुळे पुण्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीची साप्ताहिक थेरपी सहसा खिशातूनच जाते. आणि आवश्यक काय हे कुणाच्या मोजपट्टीने ठरवायचं, तो एसबी ८५५ ने हाताळलेला प्रश्न इथल्या कायद्याने अजून हाती घेतलेला नाही.

निर्णयानंतरचे पाच दिवस

धरा, तातडीच्या आयएमआरचा निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. विमा कंपनीने पाच कामकाजी दिवसांत मंजुरी द्यायची. मंजुरीचं पत्र आलं की त्यात किती दिवस आणि कोणत्या तारखेपर्यंत हे पाहा, आणि पुढच्या फेरतपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेच्या तीन दिवस आधी क्लिनिककडून नवं गुणपत्रक भरून घ्यायचं, कारण त्या दिवशी तपासनीस बदललेला असतो आणि त्याच्यासमोर जुनी फाइल नसते.